वलय कुणाचे, ताट कुणाचे?

मुलांच्या उपासमारीविरुद्धच्या मोहिमांत नट, गायक आणि खेळाडू यांचे चेहरे कशासाठी दिसतात आणि त्यांचा खरोखर किती उपयोग होतो, याविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी सहा प्रश्नांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रे आवश्यक तेवढी संक्षिप्त केली आहेत. एका पत्रातला संतापही थोडा कापावा लागला, त्याबद्दल त्या वाचकांची क्षमा मागतो.

प्रश्न : अमाप पैसा कमावणाऱ्या नटाने भुकेल्या मुलाला मांडीवर घेऊन छायाचित्र काढून घ्यायचे आणि देणगी मात्र निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या आमच्यासारख्यांकडे मागायची, ही चमकोगिरी सुरू तरी कोणी केली?
— एक निवृत्त हिशेब तपासनीस

उत्तर : सुरुवात एका विनोदी नटाने केली. दुसऱ्या महायुद्धानंतर होरपळलेल्या मुलांसाठी 1946 च्या डिसेंबरात युनिसेफची स्थापना झाली आणि 1954 मध्ये अमेरिकन अभिनेते डॅनी के या संस्थेचे पहिले सदिच्छादूत झाले. त्यांनी आशियातील देशांचा दौरा केला, त्या दौऱ्याचा लघुपट निघाला, आणि ज्यांनी युनिसेफचे नावही ऐकले नव्हते अशा प्रेक्षकांना ती मुले पहिल्यांदा पडद्यावर दिसली. तेव्हापासून ही प्रथा चालत आली आहे. आपण हिशेबाचे जाणकार आहात म्हणून सांगतो, की युनिसेफचे सदिच्छादूत या कामाचे मानधन घेत नाहीत.

तरीही आपला संशय निराधार आहे असे मी म्हणणार नाही. छायाचित्रापुरते येणारे पुष्कळ असतात. त्यांना ओळखण्याची माझी कसोटी साधी आहे : तीन वर्षांनी ती व्यक्ती त्याच विषयावर बोलते आहे का, ते पाहावे. या कसोटीला उतरलेले नाव म्हणून मी हॉलिवूडच्या अभिनेत्री ऑड्रे हेपबर्न यांच्याकडे बोट दाखवीन. 1944-45 च्या हिवाळ्यात जर्मन फौजांनी नेदरलँड्सच्या पश्चिम भागाची रसद तोडली, त्या ‘भुकेच्या हिवाळ्यात’ सुमारे वीस हजार माणसे दगावली. लोक ट्युलिपचे कंद उकडून खात होते, आणि पंधरा वर्षांच्या हेपबर्न त्याच देशात अर्धपोटी दिवस काढत होत्या. युद्ध संपल्यावर परदेशी मदतसंस्थांचे अन्न आले, तेव्हा ते घेणाऱ्या मुलांत त्याही होत्या. 1988 मध्ये त्या युनिसेफसाठी इथिओपियात गेल्या, पुढल्या वर्षी त्यांची सदिच्छादूत म्हणून रीतसर नेमणूक झाली, आणि त्यानंतर त्या या कामातून बाहेर पडल्याच नाहीत. 1992 च्या सप्टेंबरात त्या दुष्काळ आणि यादवीने पोळलेल्या सोमालियात होत्या. जानेवारी 1993 मध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले. ज्याचे जळते त्याला कळते, असे आपण म्हणतो. त्यांच्या बाबतीत ते अक्षरशः खरे होते.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत शिकवते. ‘प्रसिद्ध माणसाच्या बोलण्याने भूक भागते का’ या विषयावर आमच्या वर्गात वाद झाला आणि ‘भागत नाही’ म्हणणारी मुले जिंकली. नेमके काय बदलले हे दाखवता येईल असे एखादे उदाहरण सविस्तर द्याल का?
— एक शिक्षिका

उत्तर : बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात खाऊन कोणी तृप्त होत नाही, एवढ्यापुरती आपली मुले बरोबरच आहेत. पण बोलण्यामुळे ज्यांच्या हाती कोठाराच्या किल्ल्या आहेत त्यांना किल्ली फिरवावी लागते, असे कधी कधी घडते. इंग्लंडमधील फुटबॉलपटू मार्कस रॅशफर्ड यांचे उदाहरण वर्गात मांडण्यासारखे आहे, कारण त्यात मागणी एकच होती आणि सरकारचा नकारही एकाहून अधिक वेळा मिळाला होता.

मार्च 2020 मध्ये महासाथीमुळे तिथल्या शाळा बंद झाल्या. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलांना इंग्लंडमध्ये शाळेत दुपारचे जेवण मोफत मिळते. शाळा बंद झाल्यावर त्याऐवजी दर मुलामागे आठवड्याला 15 पौंडांचे कुपन देण्यात येऊ लागले. उन्हाळ्याची सुट्टी लागली की हे कुपन थांबणार होते, कारण सरकारी नियमाप्रमाणे जेवण शाळेच्या दिवसांपुरते होते. भूक सुट्टी घेत नाही ही गोष्ट नियम करणाऱ्यांच्या ध्यानात आली नसावी, किंवा आली असूनही खर्च टाळायचा असावा. रॅशफर्ड तेव्हा 22 वर्षांचे होते. उरलेले चांगले अन्न गोळा करून वाटणाऱ्या फेअरशेअर या संस्थेबरोबर त्यांनी आधीच काम सुरू केले होते. 15 जून 2020 रोजी त्यांनी सर्व खासदारांना उद्देशून एक खुले पत्र लिहिले. आपली आई पूर्ण वेळ राबत असे, तरी घरात पोटभर अन्नाची खात्री नसे. शाळेतील सकाळची न्याहारी, मोफत जेवण, शेजारी आणि प्रशिक्षक यांच्या आधारावर आपण वाढलो, असे त्यांनी त्यात मोकळेपणाने सांगितले. मागणी एवढीच होती, की सुट्टीतही कुपने चालू ठेवावीत. सरकारने आधी नकार दिला. दुसऱ्याच दिवशी, 16 जूनला, तो निर्णय फिरवला गेला आणि सुमारे 13 लाख मुलांसाठी 12 कोटी पौंडांची तरतूद झाली.

मुलांना इथे थांबू देऊ नका. पुढचा भाग अधिक शिकवणारा आहे. ऑक्टोबरात पुन्हा सुट्ट्या आल्या, रॅशफर्ड यांच्या मागणीपत्रावर लाखो सह्या जमल्या, आणि तरीही 21 ऑक्टोबरला संसदेत आलेला प्रस्ताव 322 विरुद्ध 261 मतांनी फेटाळला गेला. त्यानंतर सह्यांची संख्या दहा लाखांवर गेली, गावोगावच्या उपाहारगृहांनी आणि नगरपालिकांनी आपणहून मुलांना जेवण देण्याची तयारी दाखवली आणि रॅशफर्ड त्यांची नावे एकामागोमाग एक समाजमाध्यमावर प्रसिद्ध करत राहिले. टीका त्यांनी फारशी केलीच नाही; नुसती यादी वाढत गेली. नोव्हेंबरात सरकारने हिवाळ्यासाठी 17 कोटी पौंडांचे अनुदान जाहीर केले.

जानेवारी 2021 मध्ये शाळा पुन्हा बंद झाल्या, तेव्हा काही ठिकाणी कुपनाऐवजी शिध्याची पिशवी घरपोच देण्यात आली. एका आईने ती पिशवी जमिनीवर रिकामी करून छायाचित्र काढले : पावाची एक लादी, दोन बटाटे, दोन गाजरे, एक टोमॅटो, थोडी फळे आणि अशाच काही किरकोळ वस्तू. त्या छायाचित्राला रॅशफर्ड यांनी हात दिला, ते देशभर पोचले, आणि सरकारला हा शिधा स्वीकारार्ह नाही असे म्हणून कुपने पुन्हा सुरू करावी लागली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. त्या आईचे म्हणणे खरेच होते. तिच्याकडे नव्हता तो फक्त आवाज, आणि तो तिला उसना मिळाला.

वादात दुसऱ्या बाजूला आणखी एक उदाहरण द्यायचे असेल तर तमिळनाडूचे द्या. एम. जी. रामचंद्रन हे तमिळ चित्रपटांतले सर्वांत लोकप्रिय नायक. वडील लवकर वारल्यामुळे लहानपणी उपासमार सोसलेला आणि पोटासाठी नाटक मंडळीत दाखल झालेला हा मुलगा पुढे मुख्यमंत्री झाला, आणि 1982 मध्ये त्यांनी शाळा व अंगणवाड्यांतील मुलांसाठी पोषक आहाराची योजना राज्यभर मोठ्या प्रमाणावर लागू केली. त्यांच्या आधी मुख्यमंत्री के. कामराज यांनी शाळेत दुपारचे जेवण सुरू केलेलेच होते, म्हणून पहिलेपणाचा मान रामचंद्रन यांना देता येत नाही. खर्च झेपणार नाही असा आक्षेप असताना त्यांनी आपली सारी लोकप्रियता या एका योजनेमागे उभी केली, हे मात्र त्यांचेच. 1995 मध्ये केंद्र सरकारने अशी योजना देशभर आणली आणि 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळेत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. रॅशफर्ड यांना दुसऱ्याच्या सहीची वाट पाहावी लागली, इथे सही करणारा हात नायकाचाच होता.

प्रश्न : मोठमोठ्या संगीत मैफलींतून दुष्काळग्रस्त मुलांसाठी पैसा जमतो असे ऐकतो. तो पैसा खरोखर मुलांपर्यंत पोचतो का? इथिओपियाच्या वेळी तो शस्त्रांवर गेला असेही वाचले होते.
— एक वाचक

उत्तर : आधी एक जुनी मैफल घेऊ. पूर्व पाकिस्तानातील चक्रीवादळ, अत्याचार आणि निर्वासितांचे हाल पाहून पंडित रविशंकर यांनी आपले शिष्य व मित्र, ‘बीटल्स’ या गाजलेल्या गायक-वादक चमूतील जॉर्ज हॅरिसन यांना साद घातली आणि 1 ऑगस्ट 1971 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशासाठी मैफल झाली. तिकिटांचे जवळपास अडीच लाख डॉलर युनिसेफकडे गेले. ध्वनिमुद्रिकांतून त्याहून कितीतरी अधिक उत्पन्न झाले, पण मैफलीआधी करसवलतीसाठी संस्थेची रीतसर नोंदणी केलेली नव्हती, म्हणून त्यातील मोठी रक्कम अमेरिकेच्या करखात्यात अनेक वर्षे अडकून पडली. कोणी पैसा खाल्ला नव्हता, केवळ एक कागद वेळेवर भरला गेला नव्हता. भुकेलेल्या मुलाच्या दृष्टीने या दोहोंत फारसा फरक नाही.

आता इथिओपिया. 23 ऑक्टोबर 1984 रोजी बीबीसीवर कोरेम येथील छावणीचे वृत्त दाखवले गेले. वार्ताहर मायकेल ब्यूर्क होते आणि चित्रण केनियाचे मोहम्मद अमीन यांचे होते. अमीन यांचे नाव अनेकदा विसरले जाते, म्हणून मुद्दाम लिहितो. ते वृत्त पाहून गायक बॉब गेल्डॉफ यांनी मिज युर यांच्यासह गीत रचले, ‘बँड एड’ या नावाने कलावंतांना गोळा करून सुमारे सहा आठवड्यांत ध्वनिमुद्रिका काढली, आणि 13 जुलै 1985 रोजी लंडन व फिलाडेल्फिया येथे एकाच दिवशी सुमारे सोळा तासांची ‘लाइव्ह एड’ मैफल झाली. तिच्यातून दहा कोटी डॉलरांहून अधिक निधी उभा राहिला. त्या ध्वनिमुद्रिकेवरचा विक्रीकर माफ करायला ब्रिटिश सरकारने सुरुवातीला नकार दिला होता. गेल्डॉफ यांनी जाहीरपणे इतका गदारोळ केला, की अखेर कराइतकी रक्कम सरकारला मदतनिधीत द्यावी लागली.

पैसा जमल्यावर अडचण निराळीच निघाली. धान्य बंदरात येऊन पडत होते, पण तिथून आत नेणाऱ्या मालमोटारी मोजक्या मालकांच्या हातात होत्या आणि भाडे ते ठरवतील ते. त्यामुळे निधीचा काही भाग धान्याऐवजी मालमोटारी विकत घेण्यावर खर्च करावा लागला. देणगीदाराला हे ऐकून चमत्कारिक वाटते. मदतकार्यात मुरलेल्या माणसाला वाटत नाही.

शस्त्रांविषयी आपण जे वाचले ते बहुधा बीबीसीच्या 2010 सालच्या एका वृत्ताच्या आधारे लिहिलेले असावे. त्या वृत्तामुळे बँड एडचा निधी बंडखोरांच्या शस्त्रांवर गेल्याचा समज पसरला होता, आणि त्यासाठी पुरावा नसल्याचे मान्य करून बीबीसीने त्याच वर्षी जाहीर क्षमा मागितली. मात्र मदतीचा राजकीय गैरवापर झालाच नाही, असे समजू नये. तो दुष्काळ केवळ पावसाने दगा दिल्यामुळे पडला नव्हता. मेंगिस्तू यांचे लष्करी सरकार उत्तरेकडील बंडखोरांशी लढत होते, त्या भागांतील अन्नाची वाट अडवत होते, आणि सुमारे सहा लाख लोकांना उत्तरेतून दक्षिणेत हलवत होते, त्यांतील पुष्कळांना सक्तीने. याविरुद्ध उघडपणे बोलल्याबद्दल ‘मेदसँ सां फ्रोंतिए’ या वैद्यकीय संस्थेच्या फ्रेंच शाखेला 1985 अखेर देशाबाहेर काढण्यात आले. गाण्यात यातले काहीच नव्हते. अवर्षण गाण्यात मावते, यादवी मावत नाही, आणि प्रसिद्धीच्या बळावर चालणाऱ्या मोहिमांची ही मला दिसणारी सर्वांत मोठी उणीव आहे.

प्रश्न : एका फुटबॉलपटूने भुकेल्या लोकांची नावे अंगावर गोंदवून घेतली होती, हे खरे आहे का?
— एक विद्यार्थी

उत्तर : खरे आहे. झ्लाटान इब्राहिमोविच यांनी फेब्रुवारी 2015 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रम या संस्थेसाठी पन्नास जणांची नावे अंगावर उमटवली होती. गोंदण तात्पुरते होते. गोल केल्यावर अंगरखा काढून त्यांनी ती नावे दाखवली आणि नियमाप्रमाणे पिवळे कार्ड पत्करले.

प्रश्न : हाडे उघडी पडलेल्या मुलाशेजारी झळकणारा नट पाहिला, की मला लाज वाटते. मी दोन मुलांची आई आहे. माझ्या मुलाचे असे चित्र कोणी काढलेले मला चालले नसते. अशी चित्रे दाखवल्याशिवाय लोकांना पाझर फुटत नाही का?
— एक गृहिणी

उत्तर : आपल्याला जे वाटते ते आता त्या क्षेत्रातही अनेकांना वाटू लागले आहे. बँड एडचे गीत 2014 मध्ये नव्याने ध्वनिमुद्रित झाले, तेव्हा घानाई वंशाचे ब्रिटिश गायक फ्यूज ओडीजी यांनी त्यात गाण्यास नकार दिला; आफ्रिकेचे एकच केविलवाणे चित्र पुन्हा पुन्हा रंगवल्याने तिथल्या लोकांचे नुकसान होते, असे त्यांचे म्हणणे होते. 2014 मध्ये गायलेले एड शीरन यांनीही दहा वर्षांनी, नव्या आवृत्तीत आपला आवाज वापरण्याआधी विचारले असते तर आपण नकार दिला असता, असे सांगितले.

माझा आक्षेप आणखी एका कारणासाठी आहे. असे चित्र पाहणाऱ्याची समजूतच चुकीची करून देते. मुलाची हाडे दिसू लागतात तेव्हा खूप उशीर झालेला असतो. जगात 2022 मध्ये पाच वर्षांखालील सुमारे 4.5 कोटी मुले उंचीच्या मानाने फार कृश होती, तर वयाच्या मानाने खुजी राहिलेली मुले 14.8 कोटी होती. या खुज्या मुलांचे छायाचित्र काढून पाहा : शेजारी मोजपट्टी नसेल तर काहीच वेगळे दिसत नाही. मूल हसत असते, फक्त चार वर्षांचे असून अडीच वर्षांचे वाटते. पाच वर्षांखालील बालमृत्यूंपैकी जवळपास निम्म्यांच्या मुळाशी कुपोषण असते, आणि मृत्यूच्या दाखल्यावर मात्र अतिसार किंवा न्यूमोनिया असे कारण लिहिलेले असते.

उशिराची किंमत सोमालियात दिसली. तिथे 2010 पासून धोक्याच्या सूचना मिळत होत्या. दुष्काळ म्हणून अधिकृत घोषणा झाली 20 जुलै 2011 रोजी, आणि कॅमेरे व तारे-तारका त्यानंतर मोठ्या प्रमाणावर पोचले. त्या संकटात सुमारे अडीच लाख माणसे दगावली, त्यांपैकी निम्मी पाच वर्षांखालील मुले होती, आणि पुष्कळ मृत्यू घोषणेपूर्वीच होऊन गेले होते.

दाखवायचेच असेल तर दंडाचा घेर मोजण्याची पट्टी दाखवावी. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या डाव्या दंडाभोवती ही रंगीत पट्टी गुंडाळतात. घेर 125 मिलिमीटर किंवा अधिक असेल तर हिरवा रंग, 115 ते 125 मध्ये पिवळा, आणि 115 च्या खाली लाल. लाल पट्ट्यातल्या मुलाला, अन्य गुंतागुंत नसेल तर, शेंगदाण्याचा कूट, दूध भुकटी, साखर, तेल, जीवनसत्त्वे आणि क्षार यांची घट्ट पेस्ट घरीच खायला देतात. 92 ग्रॅमच्या एका पाकिटात सुमारे 500 उष्मांक असतात, ते शिजवावे लागत नाही, पाणी घालावे लागत नाही, आणि बहुतेक मुले सहा ते आठ आठवड्यांत सावरतात. लाल खुणेवरून हिरव्या खुणेवर सरकलेली पट्टी हातात धरून एखादी अभिनेत्री बोलली, तर मुलाचा चेहरा न दाखवताही सर्व काही सांगून होते.

प्रश्न : आम्ही महाविद्यालयीन विद्यार्थी बालकुपोषणावर काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत स्वयंसेवक आहोत. एक नामवंत अभिनेते आमच्यासाठी वेळ देण्यास तयार झाले आहेत. त्यांना नेमके काय सांगावे?
— स्वयंसेविका

उत्तर : अभिनंदन, आणि थोडी सावधगिरीही. त्यांना ‘जागृती करा’ असे सांगू नका, त्या शब्दात काहीही मावते. एक मागणी ठरवा, ती कोणाच्या अधिकारात आहे ते शोधा, आणि ती एका वाक्यात लिहून त्यांच्या हाती द्या. रॅशफर्ड यांची मागणी सुट्टीतल्या कुपनांची होती, जगातली भूक मिटवण्याची नव्हती. वर्षातून एक मोठा दिवस मागण्यापेक्षा दोन वर्षे दर तिमाहीला एक तास मागा. नामवंतांच्या दिनदर्शिकेत तो बसतो आणि अधिकाऱ्यांनाही कळते की हा माणूस परत येणार आहे. निधी गोळा करणार असाल तर नोंदणी, करसवलत आणि स्वतंत्र बँक खाते यांची कामे घोषणेपूर्वी पुरी करा. न्यूयॉर्कच्या मैफलीची गोष्ट तुमच्या खजिनदाराला जरूर वाचायला द्या.

संस्थेची ओळख त्यांच्या चेहऱ्याशी पूर्णपणे जोडू नका. उद्या ते एखाद्या वादात सापडले, किंवा गोड पेय आणि चमचमीत पाकीटबंद खाऊ यांची जाहिरात करताना दिसले, तर त्याची झळ तुमच्या कामाला लागेल. जाहिरातींचे करार त्यांना आधीच विचारा. असे विचारणे अवघड वाटते, पण भला माणूस त्याचा राग मानत नाही. मुलांची छायाचित्रे घेण्यापूर्वी पालकांना ती कुठे छापली जाणार हे सांगून संमती घ्या, आणि संमती न दिलेल्या आईला मिळणाऱ्या मदतीत तिळमात्र फरक पडणार नाही, हे तिच्यासमोर मोठ्याने म्हणा.

पहिल्या भेटीला छायाचित्रकार बोलावू नका. त्या दिवशी त्यांना वजनकाट्याशेजारी बसवा, नोंदवही आणि पेन द्या, आणि प्रत्येक मुलाचे वजन, उंची व दंडाचा घेर त्यांच्याच हाताने लिहू द्या. चाळीस-पन्नास मुलांच्या नोंदी झाल्यावर वही मागची पाने उलटून वाचायला सांगा. एकाच मुलाचे तीन महिन्यांचे आकडे एकाखाली एक दिसले, की पुढचे प्रश्न तेच विचारू लागतील, आणि त्यांची उत्तरे तुम्ही तयार ठेवलेली असावीत.